उथळ खडकावर इमारतीचा पाया: चाचणी खड्ड्यापासून भरावापर्यंत

दोन-तीन फूट खोदले आणि पहार खणखणली की बहुतेकांना वाटते, पायाचे काम आता सोपे झाले. भार पेलण्यापुरते ते खरेही आहे. लहान इमारतीच्या फूटिंगखाली, म्हणजे कॉलमचा भार जमिनीवर पसरवणाऱ्या काँक्रीटच्या रुंद तळाखाली, साधारण १०० ते २०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब येतो. अखंड ग्रॅनाइट किंवा बेसॉल्ट ३,००० च्या पुढे दाब घेऊ शकतो. थरांचा पण न झिजलेला वालुकाश्म किंवा चुनखडीचा दगड १,६०० च्या आसपास, फुटका-तुटका खडक ९०० च्या आसपास आणि मऊ खडकसुद्धा ४५० पर्यंत घेतो. हे आकडे अंदाजासाठी आहेत, जागेचा आकडा जागेच्या तपासणीतूनच यायला हवा. पण एवढे तरी दिसते की नुसत्या ताकदीचा हिशेब केला तर दुबळा खडकही घराला पुरून उरतो.

तरीही खडकावर बांधलेल्या इमारतींना तडे जातात, तळघरात पाणी भरते, उतारावरच्या भिंती सरकतात. कारण खडकावरच्या पायाला त्रास असमानतेचा होतो. एक कॉलम कातळावर आणि शेजारचा मातीत, एका बाजूला पाण्याला वाट आणि दुसऱ्या बाजूला डबके, वरून कठीण पण आत चिकणमातीची फट. हा लेख त्या असमानता शोधायच्या कशा आणि मिटवायच्या कशा याबद्दल आहे.

आधी ठरवा: खडक की धोंडा?

पहार अडली म्हणजे खडक लागला असे होत नाही. मातीत पुरलेला धोंडा, खाली मऊ थर असलेला वरचा कडक पापुद्रा, जुन्या भरावातला दगड, हे सगळे पहारीला सारखेच अडवतात. मातीच्या तपासणीत जो ठोके मोजण्याचा प्रयोग करतात, त्याचेही तसेच. पन्नास ठोक्यांत नळी पुढे सरकली नाही की अहवालात ‘रिफ्युजल’, म्हणजे पुढे जायला नकार, असे लिहितात, पण ती नळी धोंड्यावरही अडू शकते.

खडकाची जात कळली की कशाला घाबरायचे ते कळते. ग्रॅनाइट झिजतो तेव्हा आतले गोळे शाबूत राहतात आणि भोवतालचा भाग मातीसारखा भुसभुशीत होतो. एकेक गोळा खोलीएवढा असू शकतो आणि वरून तो हुबेहूब कातळ वाटतो. बेसॉल्टमध्ये दोन लाव्हाथरांच्या मधे कधी कधी लाल मातीसारखा थर असतो, तो भिजला की मऊ पडतो. जांभा वर कडक आणि खाली मऊ. शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक, खोदताना दगडासारखा असतो, पण उघड्यावर ऊन-पाण्यात काही दिवसांत, कधी काही तासांतच भुगा होतो. चुनखडीत पोकळ्या असतात आणि तिचा माथा सुळक्यांसारखा वरखाली असतो, एका खड्ड्यात खडक एका मीटरवर तर चार पावलांवर पाच मीटरवर. जिप्सम तर पाण्यात विरघळतो. तिथे तज्ज्ञाशिवाय पुढे जाऊच नये.

म्हणून पहिली पायरी अशी. इमारतीच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध चाचणी खड्डे घ्या आणि खडकाचा माथा उघडा करा. मग कॉलमच्या जागा आखून प्रत्येक जागी हवेच्या ड्रिलने भोक मारा. अखंड कातळ दिसत असेल तर दीड मीटर आत गेले तरी पुष्कळ. धोंड्याची शंका असेल किंवा चुनखडी असेल तर किमान तीन मीटर जा. अशी भोके स्वस्त असतात आणि त्यांतून खूप कळते, मात्र ड्रिलजवळ कोणीतरी वही घेऊन उभे राहायला हवे. रॉड कुठे एकदम खाली गेला, भुकटीचा रंग कुठे बदलला, पाणी सोडले असेल तर ते कुठे परत वर आले नाही, हे सगळे खोलीसह लिहायचे. रॉड सणकन खाली गेला तर तिथे पोकळी किंवा मातीची फट आहे. पाणी गायब झाले तर भेग पुढे कुठेतरी उघडी आहे.

मोठ्या इमारतीसाठी गाभा, म्हणजे पोकळ ड्रिलने खडकाचा दंडगोल नमुना, काढावाच लागतो. गाभ्याचा दर्जा मोजायची आरक्यूडी नावाची सोपी रीत अमेरिकी भूवैज्ञानिक डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करायची आणि तिला गाभ्याच्या एकूण खोदलेल्या लांबीने भागायचे. समजा १५० सेंमी ड्रिल केले आणि ४०, २५, १८ आणि १२ सेंमीचे तुकडे मिळाले, बाकी सगळा चुरा. बेरीज ९५, म्हणजे ६३ टक्के. ५० ते ७५ मध्यम, ७५ ते ९० चांगला, ९० च्या वर उत्तम. ५० च्या खाली खराब आणि २५ च्या खाली फारच खराब. ड्रिलिंगच्या झटक्याने तुटलेला ताजा तुकडा जोडून मोजावा. त्याच्या तुटलेल्या कडा स्वच्छ असतात, त्यांवर गंज किंवा माती नसते.

हे सगळे एका कागदावर उतरवा. जागेवर न हलणारी एक खूण धरा आणि प्रत्येक ठिकाणी खडकाचा माथा तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते लिहा. समान पातळीचे बिंदू जोडले की खडकाचा उतार डोळ्यांपुढे येतो. पुढचे सगळे निर्णय या कागदावरून घ्यायचे आहेत, म्हणून त्यात घाई करू नये.

घण, चाकू आणि पाण्याची बादली

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हातानेही बरेच कळते. घणाचा एक ठोका द्या. ताजा खडक खणकन वाजतो, झिजलेला किंवा आतून सुटलेला बदबद वाजतो. हातोडीच्या टोकाने चुरा होत असेल आणि चाकूने सोलता येत असेल तर ताकद १ ते ५ मेगापास्कल इतकीच. चाकूने जेमतेम खरवडता आला तर ५ ते २५. चाकू चालत नाही पण एका जोरदार घावात फुटतो, तर २५ ते ५०. एकाहून अधिक घाव लागले तर ५० च्या पुढे. साध्या घरासाठी यातली दुसरी पायरीही पुरेशी असते.

तिसरी चाचणी बादलीची. मुठीएवढा तुकडा आधी वाळवा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जसाच्या तसा असेल तर निश्चिंत. कडा गळल्या, पापुद्रे सुटले किंवा तळाशी चिखल जमला, तर खोदाईनंतर तो खडक उघडा ठेवायचा नाही, हे आत्ताच ठरवून टाका.

ताकदीपेक्षाही फटींच्या दिशेकडे लक्ष द्या. थर किंवा सांधे उताराच्याच दिशेने, खोदाईकडे झुकलेले असतील आणि त्यांत चिकणमाती असेल, तर वरचा खडक कितीही कठीण असला तरी पूर्ण लादी सरकू शकते. फ्रान्समधले मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटले आणि ४०० हून अधिक माणसे गेली. काँक्रीटच्या दर्जात खोट नव्हती. डाव्या काठाखालच्या खडकात पापुद्र्यासारखे थर आणि एक भ्रंश (खडक तुटून सरकल्याची रेषा) होता, तिथे पाण्याचा दाब साठला आणि खडकाचा मोठा तुकडा जागचा हलला. आपण धरण बांधत नाही, पण उतारावरच्या घरामागची ओली, चिकणमातीने भरलेली फट त्याच रीतीने वागते. अशी फट दिसली तर काम थांबवून भूतंत्रज्ञाला, म्हणजे माती-खडकाच्या अभियंत्याला, बोलवा. इथे अंदाजाने चालणे माणसांच्या जिवावर बेतते.

पाया कुठे टेकवायचा?

खडकाचा नकाशा पाहिल्यावर तीनपैकी एक परिस्थिती समोर येते.

पहिली सोपी: सगळीकडे खडक आणि जवळजवळ एका पातळीत. प्रत्येक कॉलमखाली सुटे फूटिंग घ्या, वरचा झिजलेला पापुद्रा काढून थेट खडकावर. फूटिंगचा आकार इथे खडक ठरवत नाही. ६०० किलोन्यूटनचा कॉलम आणि १,००० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर चालणारा खडक धरला तर ०.६ चौरस मीटर, म्हणजे ८० सेंमी बाजूचा चौरस पुरतो. पण कॉलमच्या सळईला काँक्रीटमध्ये तिच्या जाडीच्या साधारण ३५ ते ४० पट लांबीची पकड लागते. १६ मिमी सळईला ही लांबी ६० सेंमीच्या आसपास जाते. त्यामुळे ‘खडक आहे, फूटिंग पातळ चालेल’ हे वाक्य साइटवर ऐकू आले तर मान्य करू नका. फूटिंग लांबी-रुंदीत लहान होईल, जाडीत होईलच असे नाही.

दुसरी: खडक आहे पण उतरता. उतरत्या खडकावर फूटिंग कधीही तिरपे टेकवायचे नाही. खडकात आडव्या पायऱ्या कापा. प्रत्येक पायरीचा तळ सपाट किंवा किंचित आत, डोंगराकडे झुकलेला हवा. फूटिंगची खालची कड आणि उताराचा उघडा पृष्ठभाग यांत खडक असेल तर आडवे किमान ६० सेंमी अंतर ठेवा, माती असेल तर ९० सेंमी. खडक भेगाळ असेल तर यापेक्षा जास्त. शेजारची दोन फूटिंगे वेगळ्या पातळीवर येत असतील तर वरच्याचा भार खालच्याच्या अंगावर येणार नाही इतके अंतर डिझायनरकडून तपासून घ्या. आणि बांधकामाला सुरुवात सर्वांत खालच्या फूटिंगपासून करा, नाहीतर खालची खोदाई वरच्याचा आधार काढून घेते.

तिसरी परिस्थिती सर्वांत फसवी, आणि घरांचे बहुतेक तडे तिच्यातून येतात: अर्धी इमारत खडकावर, अर्धी मातीवर. आकड्यांत पाहू. खडकावरचे फूटिंग १ मिमी बसले आणि चार मीटरवरचे चिकणमातीतले २५ मिमी बसले, तर चार मीटरांत २४ मिमी फरक, म्हणजे सुमारे १/१६७. स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या ब्रिटिश अभियंत्यांनी १९५६ मध्ये प्रत्यक्ष इमारतींच्या नोंदींवरून मांडले की १/३०० च्या आसपास भिंतींना तडे दिसू लागतात आणि १/१५० च्या आसपास सांगाड्यालाच इजा होते. पूर्ण इमारत मातीवर असती तर तोच २५ मिमी खचाव बहुधा कोणाच्या लक्षातही आला नसता. सगळे मिळून सारखे खाली गेले असते.

यावर तीन उपाय आहेत. शक्य असेल तिथे पहिला घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे: मातीतले कॉलमही खडकापर्यंत न्या. खड्डा खडकापर्यंत खोदून फूटिंगच्या तळापर्यंत साधे काँक्रीट भरा, किंवा खोली जास्त असेल तर खडकात बसवलेले पाइल, म्हणजे जमिनीतले काँक्रीटचे खोल खांब, घ्या. हे काँक्रीट कमी ग्रेडचे चालते, पण ते फूटिंगच्या पूर्ण रुंदीखाली हवे.

दुसरा उपाय हलक्या, एकमजली बांधकामासाठी: खडकाचा भाग आणखी ३० ते ४५ सेंमी खोल फोडून तिथे दाबून घट्ट केलेली खडी-मुरूमाची उशी द्यायची, म्हणजे खडकाच्या बाजूलाही थोडा खचाव मिळतो. कडक बाजू मुद्दाम मऊ करणे विचित्र वाटते, पण तत्त्व बरोबर आहे. मातीचा थर जाड किंवा फुगणारा असेल तर मात्र हे पुरत नाही.

तिसरा उपाय जोड देण्याचा. खडक संपतो तिथेच इमारत पायापासून छतापर्यंत दोन भागांत तोडायची, प्रत्येक भाग स्वतंत्र. मग जोडातून जाणारे पाइपही लवचीक ठेवावे लागतात. राफ्ट, म्हणजे पूर्ण इमारतीखाली एकच जाड लादी, टाकला की सगळे सुटते असा एक समज आहे. अर्धा खडकावर, अर्धा मातीवर टेकलेला राफ्ट खडकाच्या कडेवर वाकतो, आणि त्या वाकण्यासाठी तो डिझाइन केलेला नसेल तर तिथेच चिरतो.

खोदाई: खडक जितका कमी हलेल तितका चांगला

वरची माती पोकलेनने काढा, पण शेवटचा हात माणसांचा असू द्या. मऊ खडक पोकलेनच्या दातांनी निघतो, त्यापुढे ब्रेकर. वस्तीजवळ किंवा जुन्या इमारतीशेजारी फुगणारी रासायनिक पावडर चांगली: ३० ते ५० मिमी व्यासाची भोके ओळीत मारून त्यांत ती पाण्यात कालवून ओततात, आणि बहुधा १२ ते २४ तासांत खडक आवाज न करता चिरतो. ओतल्यानंतर भोकात वाकून कोणीही पाहू नये. उष्ण मिश्रण तोफेसारखे बाहेर उडून डोळे जाण्याचा धोका असतो.

सुरुंग परवानाधारकाकडूनच लावून घ्यावा, आणि पायाच्या तळाच्या वरचा शेवटचा ३० सेंमी खडक सुरुंगाने फोडूच नये. स्फोटाने खालचा शाबूत खडकही खिळखिळा होतो आणि जी ताकद निसर्गाने दिली ती आपणच घालवतो. तो भाग ब्रेकर आणि छिन्नीने काढा. कोरड्या ड्रिलिंगची धूळ फुप्फुसांत गेली की सिलिकोसिस होतो, आणि हा आजार बरा होत नाही. ड्रिल करताना पाणी वापरा आणि माणसांना तोंडावर बसणारे चांगले मास्क द्या. रुमालाने ही धूळ अडत नाही.

जास्त खोदले गेले तर तो खळगा सुट्या दगडांनी भरायचा नाही. फोडलेला खडक परत टाकून रोलर फिरवला तरी तो पुन्हा खडक होत नाही. जादा खोदाई साध्या काँक्रीटनेच भरून काढावी.

तळ धुणे, ठोकणे, फटी भरणे

हे काम दिसत नाही म्हणून सर्वांत जास्त टाळले जाते. एक आकडा सांगतो: स्वच्छ, पक्क्या खडकावर ओतलेल्या काँक्रीटचा घर्षणांक, म्हणजे सरकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, साधारण ०.७ धरतात. मधे चिकणमातीचा थर राहिला तर तो निम्म्यावर येतो. उतारावरच्या पायाची अर्धी पकड एका न धुतलेल्या थरात जाते.

क्रम असा ठेवा. सुटे दगड पहारीने उचकटून काढा. तळावर घणाने ठोकत जा, बदबद वाजेल तिथे आणखी काढा. मग हवेने फुंका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि साचलेले पाणी उपसून टाका. शेल किंवा गळणाऱ्या खडकावर पाणी मारू नका. तिथे फक्त हवा वापरा, आणि तळ उघडा झाल्यावर त्याच दिवशी, जमल्यास काही तासांत, ५ ते ७.५ सेंमी काँक्रीटने झाकून टाका.

आता फटी. प्रत्येक फट तिच्या रुंदीच्या तिप्पट खोलीपर्यंत कोरून स्वच्छ करा, मग मॉर्टर किंवा काँक्रीटने भरा. चार सेंमीची फट असेल तर बारा सेंमी खोल. दाताची कीड काढून दात भरतात तसेच हे काम आहे, आणि बांधकामात त्या भरण्याला डेंटल काँक्रीटच म्हणतात. भरलेल्या काँक्रीटच्या कडा पातळ होत शून्यावर आणू नका, पातळ पापुद्रा भाराखाली उचकटतो. कड सरळ कापून निदान १५ सेंमी जाडी ठेवा. रुंद फट पूर्ण फूटिंगखालून आरपार जात असेल, तर नुसती भरून भागत नाही. फूटिंग मोठे करून फटीच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे की खोल जायचे, हे डिझायनरला ठरवू द्या.

इथे थांबून प्रत्येक खड्ड्याचा फोटो घ्या, त्यात कॉलमचा क्रमांक लिहिलेली पाटी आणि मोजपट्टी दिसू द्या. इंजिनिअरने स्वतः खड्ड्यात उतरून तळ पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतायचे नाही, हा नियम ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

पाण्याला वाट

मातीतून झिरपलेले पाणी खडकाच्या माथ्यावर अडते आणि उताराने वाहत राहते. आपण खडकात खड्डा कापला की ते सगळे तिकडे येते, आणि मातीत जसे हळूहळू मुरते तसे इथे मुरत नाही. तळघर किंवा भूमिगत टाकी असेल तर हे फार गंभीर आहे. बाहेर तीन मीटर पाणी चढले तर तळाच्या लादीवर खालून ३० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीन टनांचा दाब येतो. २० सेंमी जाडीच्या लादीचे स्वतःचे वजन ५ किलोन्यूटन. रिकामी टाकी वर उचलली जाते ती याचमुळे.

डोंगराच्या बाजूने, पायाच्या तळापेक्षा खाली, खडकात चर कापा. चराला शंभरास एक उतार द्या, त्यात छिद्रांचा पाइप, भोवती खडी आणि बाहेरून माती अडवणारे कापड. चराचे दुसरे टोक उघड्यावर, पायापासून दूर, खालच्या बाजूला निघालेच पाहिजे. निघत नसेल तर हौद आणि पंप. बाहेर न पडणारा चर पाणी साठवण्यापलीकडे काही करत नाही.

खड्ड्यातच झरा फुटला असेल तर वाहत्या पाण्यावर काँक्रीट ओतू नका, सिमेंट धुऊन जाते. झऱ्याच्या तोंडाशी पाइप बसवून पाणी बाहेर काढा, काँक्रीट ओता, ते पक्के झाल्यावर तो पाइप ग्राउटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) बंद करा. मात्र बंद केल्यावर ते पाणी कुठे जाईल याचा विचार आधी झालेला हवा.

डॉवेल आणि अँकर

सपाट खडकावरच्या जड इमारतीला डॉवेल, म्हणजे पाया आणि खडक जोडणाऱ्या सळईचे तुकडे, बहुधा लागत नाहीत. लागतात ते तळ तिरपा किंवा गुळगुळीत असताना, हलक्या शेडला वाऱ्याने उचल बसताना, आडवा जोर पेलणाऱ्या भिंतीखाली आणि पाण्याचा खालून वर ढकलणारा दाब असताना. नुसते सरकणे रोखायचे असेल तर लहान डॉवेल पुरतात. उचल रोखायची असेल तर तो अँकर, आणि त्याचा हिशेब वेगळा.

२० मिमीची सळई आणि ४० मिमीचे भोक घ्या. ग्राउट आणि खडक यांची चालणारी पकड ०.५ मेगापास्कल धरली तर एक मीटर लांबीला सुमारे ६३ किलोन्यूटन मिळतात. दीड मीटरला ९४. वाटते, झाले काम. पण अँकर ओढला जातो तेव्हा त्याच्याभोवतीचा खडक उलट्या शंकूसारखा वर येऊ शकतो, आणि त्या शंकूचे वजन पुरेसे हवे. दीड मीटर खोल, ९० अंश कोनाचा शंकू साडेतीन घनमीटरचा, म्हणजे सुमारे ८८ किलोन्यूटन. खडक भेगाळ असेल तर ६० अंशच धरावे लागतात, मग वजन उरते २९ किलोन्यूटन. सळई तीच, भोक तेच, ग्राउट तेच, आणि भरवसा एक तृतीयांश. शिवाय अँकर जवळजवळ असतील तर त्यांचे शंकू एकमेकांत घुसतात आणि तेच वजन दोनदा मोजले जाते. म्हणून भेगाळ खडकात अँकरची संख्या वाढवण्यापेक्षा खोली वाढवणे चांगले.

बसवण्याची रीत: भोक पूर्ण खोलीपर्यंत मारून हवा-पाण्याने भुकटी काढा, नंतर साचलेले पाणी काढा. ०.४० ते ०.४५ पाणी-सिमेंट प्रमाणाचा ग्राउट बारीक नळीने तळापासून वर भरत या. वरून ओतला तर खाली हवा अडकते आणि सळई अर्धी पोकळीत राहते. मग सळई फिरवत खाली सोडा, ती मधोमध राहावी म्हणून गुटके लावा. ग्राउट पक्का होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. ग्राउट भरताना भोकाच्या आकारापेक्षा खूप जास्त खपत असेल तर तो फटीत चालला आहे. थांबा, ती फट आधी भरून घट्ट होऊ द्या, मग पुन्हा ड्रिल करा. काही अँकर ओढून तपासल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नका.

काँक्रीट

खडबडीत तळ समपातळीत आणायला ७.५ ते १० सेंमी पीसीसी (सळई नसलेले साधे काँक्रीट) घाला. ओतण्याआधी खडक ओला हवा, पण त्यावर पाणी चमकता कामा नये. कोरडा तापलेला खडक काँक्रीटमधले पाणी शोषून घेतो. सळईखाली ५० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, ठेवा. सगळी फूटिंगे प्लिंथ बीमने (जोत्याच्या आडव्या तुळयांनी) दोन्ही दिशांना बांधून घ्या. भूकंपात खडकावरची जागा मऊ मातीपेक्षा सहसा कमी हलते, पण कॉलमच्या खालच्या लांबी वेगवेगळ्या असतील तर आखूड कॉलम जास्त जोर ओढून घेतो आणि आधी तुटतो. खडकात पायऱ्या कापलेल्या जागेवर हे डिझायनरला मुद्दाम विचारा. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, नेहमीसारखेच, किमान सात दिवस.

पाइप आणि अर्थिंग आत्ताच

मातीत नंतर चर काढता येतो, खडकात नाही. पाया झाल्यावर सांडपाण्याच्या पाइपसाठी ब्रेकर लावला तर हादरे नव्या फूटिंगला बसतात. म्हणून सगळे पाइप, त्यांचे उतार आणि चेंबरच्या पातळ्या आधी ठरवून चर याच टप्प्यात कापा, तळाशी १० ते १५ सेंमी वाळू घाला, म्हणजे पाइप दगडाच्या टोकावर टेकत नाही. शोषखड्डा खडकात चालत नाही. सांडपाण्याची दुसरी व्यवस्था लागेल.

अर्थिंगकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. खडकातून वीज सहज वाहत नाही, शिवाय त्यात अर्थिंगचा रॉड ठोकताही येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अभियंता हर्बर्ट उफर यांनी अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या कोरड्या जमिनीवरील दारूगोळ्याच्या कोठारांसाठी पायाच्या काँक्रीटमधल्या सळईचाच अर्थिंगला उपयोग केला, कारण काँक्रीट ओल धरून ठेवते. ही रीत आज अनेक देशांत मान्य आहे. तळाजवळ, काँक्रीटमध्ये पूर्ण बुडालेली, सलग जोडलेली निदान सहा मीटर सळई आणि वर काढलेले एक जोडटोक. काँक्रीट ओतल्यावर ही संधी जाते, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला पायाच्या दिवशीच बोलवा. पायाखाली प्लास्टिकचा कागद घालणार असाल तर ही रीत चालत नाही. काहीही केले तरी शेवटी अर्थिंगचा विद्युत रोध मोजून घ्या.

ग्रॅनाइटसारख्या काही खडकांतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू भेगांवाटे वर येतो. अशा भागात लादीखाली वायू अडवणारा सलग पडदा आणि त्याखालच्या खडीतून बाहेर निघणारा एक पाइप आत्ताच ठेवला तर खर्च नगण्य असतो.

भराव

खड्ड्यातून निघालेले मोठे दगड परत फूटिंगभोवती ढकलायचा मोह होतो, ते समोरच पडलेले असतात. पण त्यांच्या पोकळ्यांत पाणी खेळते, माती हळूहळू खाली झिरपते आणि दोन पावसाळ्यांनी अंगणातली फरशी खचते. बारीक मुरूम १५ ते २० सेंमीच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबा. भिंतीलगत पाणी वाहून नेणारी खडी ठेवा, आणि सर्वांत वर भिंतीपासून बाहेर उतरता चिकणमातीचा किंवा फरशीचा थर द्या.

भराव झाकण्यापूर्वी एक शेवटचे काम: प्रत्येक फूटिंगचा तळ प्रत्यक्षात कोणत्या पातळीवर टेकला, कुठे जादा काँक्रीट गेले, कुठल्या फटी भरल्या, अँकर कुठे आहेत आणि झऱ्याचे पाइप कुठून काढले, हे मूळ नकाशावर लाल शाईने नोंदवा. एक प्रत घरमालकाकडे, एक इंजिनिअरकडे. पुढे मजला चढवायचा असेल किंवा शेजारी खोदाई निघाली, तर पहिला प्रश्न हाच येतो की हा कॉलम नक्की कशावर उभा आहे.